टेसा जोवेल यांचं अखेरचं वर्ष आणि पडून राहिलेला निधी

२४ मे २०१७. ब्रिटनच्या माजी मंत्री टेसा जोवेल लंडनमध्ये एका टॅक्सीत बसल्या. लहान मुलांसाठीच्या 'शुअर स्टार्ट' योजनेबद्दल बोलायला त्या शहराच्या पूर्व भागात निघाल्या होत्या. पण टॅक्सीत बसल्या आणि तोंडातून शब्दच फुटेना. पाठोपाठ दोन जोरदार आकड्या आल्या. त्यांना रुग्णालयात नेलं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत गाठ आहे, ग्लायोब्लास्टोमा. पुढच्या आठवड्याभरात क्वीन स्क्वेअरच्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये गाठ काढली, मग रेडिएशन झालं, केमोथेरपी झाली. १२ मे २०१८ रोजी त्या गेल्या. त्या टॅक्सीला वर्ष व्हायला बारा दिवस कमी होते.

कर्करोगाच्या जागृतीचं एक ठरलेलं सूत्र आपण सगळे ऐकत आलो आहोत: लवकर ओळखा, लवकर बरे व्हा. स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या, मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ते बऱ्याच अंशी खरंही आहे. जोवेलबाईंच्या बाबतीत लक्षण दिसल्यानंतर कुठेही वेळ गेला नाही. दोन दिवसांत निदान, आठवड्यात शस्त्रक्रिया, तीही मेंदूच्या आजारांसाठी जगभर नावाजलेल्या ठिकाणी. बाई स्वतः एकेकाळच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या मंत्री. तरी वर्ष निघालं नाही. जिथे लवकर ओळखूनही फारसं हाती लागत नाही, तिथे जागृती नेमकी कशाची करायची, हा प्रश्न या प्रकरणाइतका उघडा पडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

जोवेलबाईंनी आपल्या परीनं त्याचं उत्तर शेवटच्या चार महिन्यांत दिलं. त्यातलं काय साधलं आणि काय अडलं हे तपासता येतं, कारण बरंचसं संसदेत आणि सरकारी घोषणांमध्ये घडलं आहे.

आजार कसा आहे

मेंदूतली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या मेनिंजिओमासारख्या गाठी बहुतेक वेळा सौम्य असतात, काही तर नुसत्या नजरेखाली ठेवल्या तरी चालतं. ग्लायोब्लास्टोमा मात्र दुसऱ्या टोकाला. चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लायल पेशींशी नातं असलेली ही गाठ सर्वात वरच्या, म्हणजे चौथ्या श्रेणीत मोडते.

तिची अडचण तिच्या कडेला आहे. स्तनातली गाठ काढताना सर्जन भोवतालचा निरोगी भागही थोडा काढतो, म्हणजे मागे काही राहत नाही. मेंदूत ही चैन नाही. ज्या भागात गाठ आहे तिथेच भाषा असते, हाताची हालचाल असते, आठवण असते. शिवाय ग्लायोब्लास्टोमाला स्वच्छ कड नसतेच. तिच्या पेशी हरळीच्या मुळांसारख्या आसपास पसरलेल्या असतात, त्यामुळे स्कॅनमध्ये 'सगळी काढली' असं दिसलं तरी काही पेशी मागे उरलेल्याच असतात. औषधांनी त्या गाठाव्यात, तर रक्त आणि मेंदू यांच्यामधला नैसर्गिक अडसर आड येतो. मेंदूचं विषांपासून रक्षण करणारा तो पहारेकरी औषधांनाही दारातच अडवतो.

आज जगभर जो प्रमाण उपचार दिला जातो तो २००५ साली ठरला. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे रेडिएशन, त्याच्या जोडीला टेमोझोलोमाइडच्या गोळ्या, आणि नंतर त्याच गोळ्यांची आवर्तनं. युरोप आणि कॅनडात ५७३ रुग्णांवर झालेल्या त्या चाचणीत मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलं. अडीच महिने. ऐकायला हे अगदीच थोडं वाटतं, पण त्याच चाचणीतला दुसरा आकडाही बघायला हवा: दोन वर्षांनी हयात असलेले रुग्ण शेकडा १० वरून २६ वर गेले. म्हणजे मधला आकडा जेमतेम हलला, पण काही जणांना बरंच अधिक आयुष्य मिळालं. नुसता मधला आकडा वाचून हातपाय गाळणाऱ्या घरांना डॉक्टरांनी हा दुसरा आकडाही सांगावा असं मला नेहमी वाटतं.

हा आजार का होतो? मोठ्या मात्रेचा किरणोत्सर्ग आणि काही दुर्मीळ आनुवंशिक आजार सोडले तर पक्कं कारण हाती नाही. त्यामुळे 'हे टाळा' अशी मोहीम काढता येत नाही. निरोगी माणसांना सरसकट तपासून गाठ आधीच पकडेल अशी चाळणी चाचणीही नाही. प्रतिबंध आणि चाळणी, जागृतीची ही दोन्ही नेहमीची हत्यारं इथे बोथट आहेत. याची एक बाजू घरच्यांना सांगण्यासारखी आहे. निदानानंतर रात्र रात्र जागून 'आमचं काय चुकलं' याचा शोध घेतला जातो. बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं.

लक्षणांबद्दल, मोजकंच

गाठ कुठे बसली आहे त्यावर लक्षणं ठरतात. भाषेच्या भागात असेल तर शब्द सापडत नाहीत, हालचालीच्या भागात असेल तर एका बाजूचा हातपाय जड होतो, कपाळामागच्या भागात असेल तर स्वभाव पालटतो. हे शेवटचं सर्वात फसवं. हिशेबात चोख असलेला माणूस बिलं भरायला विसरू लागतो, शांत माणूस चिडका होतो, आणि घरात महिनोन् महिने भांडणं होतात, कारण हा आजार आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. डोकेदुखीचं उलट आहे. नुसती डोकेदुखी आणि मेंदूची गाठ असं क्वचितच असतं. पण नव्यानं सुरू झालेली, आठवड्यागणिक वाढत जाणारी, पहाटे किंवा आडवं पडल्यावर जोर धरणारी, उलटी किंवा अंधुक दिसणं सोबत घेऊन येणारी डोकेदुखी वेगळी. आणि मोठ्या वयात आयुष्यातली पहिली आकडी आली तर मेंदूचं चित्रण झालंच पाहिजे.

जोवेलबाईंना अशी कसलीच चाहूल लागली नव्हती. असं काही होईल अशी शंका आपल्याला क्षणभरही आली नव्हती, असं त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं.

याचा अर्थ लक्षणांची माहिती देणं वाया जातं असा मुळीच नाही. ब्रिटनमध्येच २०११ साली मुलांमधल्या मेंदूच्या गाठींसाठी 'हेडस्मार्ट' नावाची मोहीम सुरू झाली. वयानुसार लक्षणं छापलेली खिशात मावणारी कार्डं पालकांना आणि डॉक्टरांना वाटली. पहिलं लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंतचा मध्यम कालावधी आधी १४.४ आठवडे होता, तो काही वर्षांत ६.७ आठवड्यांवर आला. मुलांमधल्या कित्येक गाठी बऱ्या होण्यासारख्या असतात. दृष्टी जाण्याआधी किंवा मेंदूवर दाब वाढण्याआधी त्या सापडल्या तर पुढचं सगळं आयुष्य बदलतं. मोठ्यांच्या ग्लायोब्लास्टोमात लवकर निदानानं वर्षं वाढतीलच असं नाही. पण आकडीच्या किंवा बेशुद्धीच्या अवस्थेत तातडीच्या विभागात पोचण्यापेक्षा चालत्याबोलत्या अवस्थेत पोचलेल्या रुग्णाला उपचार अधिक झेपतात, आणि स्वतःचे निर्णय घ्यायला वेळही मिळतो.

लॉर्ड्समधलं भाषण

जोवेलबाईंचा पिंड समाजसेविकेचा. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात त्यांनी मनोरुग्णांसाठी काम केलं होतं. पुढे 'माइंड' या मानसिक आरोग्य संस्थेत राहून १९९२ मध्ये त्या मजूर पक्षाच्या खासदार झाल्या. १९९७ मध्ये सार्वजनिक आरोग्य खातं, २००१ पासून सांस्कृतिक खातं. २०१२ चं ऑलिंपिक लंडनला आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सरकारी गाडा कुठे रुततो आणि कुठे रेटला की हलतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. या प्रकरणात ते फार उपयोगी पडलं.

सप्टेंबर २०१७ मध्ये आजार जाहीर केल्यावर २५ जानेवारी २०१८ रोजी त्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात, बोलायला उभ्या राहिल्या. ज्या आजारानं आठ महिन्यांपूर्वी वाचा हिरावली होती, त्याच आजारावर हे भाषण. जागोजागी शब्द अडत होते. सहानुभूती मागणारं एक वाक्य त्यात नव्हतं, हे मला विशेष वाटतं. हिशेब मांडावा तसं त्यांनी मांडलं: ब्रिटनमध्ये वर्षाला तीन हजारांपेक्षा कमी लोकांना ग्लायोब्लास्टोमा होतो, कर्करोग संशोधनावरच्या खर्चातले दोन टक्केही मेंदूच्या गाठींवर होत नाहीत, आणि गेल्या ५० वर्षांत महत्त्वाचं असं नवं औषध आलेलं नाही.

शेवटचा मुद्दा थोडा ताणलेला होता हे इथे नोंदवायला हवं. टेमोझोलोमाइड त्या ५० वर्षांतलंच, आणि तेही ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात जन्मलेलं. पण एका औषधानं ५० वर्षं भरून निघतात असं कोणी म्हणणार नाही, त्यामुळे बाईंच्या बोलण्याचा रोख चुकीचा ठरत नाही.

मग मागण्या. त्यातली एक अगदी हाताशी होती. गाठ पूर्ण काढली जाण्यावर बरंच अवलंबून असतं, आणि गाठ ओळखायला मदत करणारं एक रंगद्रव्य उपलब्ध आहे, पण ते देशातल्या निम्म्याच मेंदू शस्त्रक्रिया केंद्रांत वापरलं जातं. ते सगळीकडे पोचवा. हे द्रव्य म्हणजे फाइव्ह-एएलए. शस्त्रक्रियेच्या काही तास आधी रुग्ण ते पितो. गाठीच्या पेशींमध्ये त्याचं रूपांतर एका चमकणाऱ्या पदार्थात होतं आणि निळसर जांभळ्या प्रकाशात गाठ गुलाबी दिसू लागते. साध्या दिव्याखाली निरोगी आणि रोगट भाग जवळपास सारखेच दिसतात, तिथे सर्जनला ही गुलाबी कड मोठा आधार देते. जर्मनीत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्कॅनवर दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण याच्या मदतीनं ६५ टक्के होतं, साध्या प्रकाशात ३६ टक्के. गाठ पुन्हा वाढायलाही जास्त वेळ लागला. एकूण आयुष्य ठळकपणे वाढल्याचं मात्र त्या चाचणीत दिसलं नाही. जोवेलबाईंचा मुद्दा चमत्काराचा नव्हताच. राहता पत्ता कुठला यावर कोणाची गाठ किती निघणार हे ठरू नये, एवढाच होता.

दुसरी मागणी चाचण्यांच्या पद्धतीबद्दल. एका वेळी एकच औषध तपासायचं आणि निकालाला वर्षानुवर्षं थांबायचं, हे या आजारात परवडत नाही. त्यांना हव्या होत्या बदलत्या रचनेच्या चाचण्या, म्हणजे एकाच आराखड्यात अनेक औषधं, निरुपयोगी ठरेल ते मध्येच बाद, नवं येईल ते मध्येच दाखल. एका आयरिश कवीच्या अखेरच्या शब्दांचा आधार घेऊन त्या म्हणाल्या की मला भीती वाटत नाही, धास्ती आहे ती ही नवी पद्धत 'फारच अवघड' म्हणून बाजूला टाकली जाण्याची. कर्करोगानं नुसतं मरत राहण्यापेक्षा कर्करोगासह नीट जगता यावं, अशी आशा या चर्चेतून रुग्णांना मिळावी, असं सांगून त्या थांबल्या. लॉर्ड्समध्ये टाळ्या वाजवण्याचा रिवाज नाही. त्या दिवशी सदस्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पैसा आला

यानंतर सरकारी घड्याळ कधी नव्हे ते भराभर चाललं. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या निवासस्थानी बैठक झाली. सरकारनं दोन कोटी पौंड जाहीर केले, 'कॅन्सर रिसर्च यूके' या संस्थेनं अडीच कोटी. एप्रिलमध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, याच विषयावर चर्चा झाली, तेव्हा जोवेलबाई सभागृहात बसून ऐकत होत्या. मे महिन्यात मेंदूत रक्तस्राव होऊन त्या वारल्या. लगोलग सरकारनं आपली रक्कम दुप्पट केली, दोनाचे चार कोटी, आणि फाइव्ह-एएलए इंग्लंडमधल्या सगळ्या मेंदू कर्करोग केंद्रांत नेण्याचं जाहीर केलं. त्यांच्या नावानं 'टेसा जोवेल ब्रेन कॅन्सर मिशन' उभं राहिलं. मुलगी जेस मिल्स हिनं त्यात पुढाकार घेतला.

जागृतीच्या मोहिमांच्या कहाण्या साधारण इथे संपवल्या जातात. भाषण, टाळ्या, निधी, श्रद्धांजली. खरं तर अभ्यास करण्यासारखा भाग इथून पुढचा आहे.

पैसा अडला

फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेतल्या मेंदूच्या गाठींवरच्या सर्वपक्षीय गटानं आपल्या चौकशीचा अहवाल मांडला. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या चार कोटी पौंडांपैकी संशोधकांच्या हाती पडले होते जेमतेम दीड कोटी. उरलेला पैसा कोणी खाल्ला नव्हता. दुसरीकडे वळवलाही नव्हता. तो तसाच पडून होता.

कारणं वाचताना वाईट वाटतं, पण नवल वाटत नाही. हा निधी ज्या संस्थेमार्फत द्यायचा होता तिचं काम रुग्णांच्या जवळच्या संशोधनाला, चाचण्यांना पैसा देणं. प्रयोगशाळेतल्या मूलभूत कामाला तिचा पैसा मिळत नाही. मेंदूच्या गाठींबाबत मूळ गाडी प्रयोगशाळेतच अडलेली. तिथला शोध रुग्णापर्यंत न्यायला मधला पूल लागतो आणि त्या पुलाला कोणाचाच पैसा लागू पडत नव्हता. अर्ज आले त्यातले बरेच पुरेशा दर्जाचे नाहीत म्हणून परत गेले. दर्जेदार अर्ज यायला अनुभवी संशोधक लागतात, आणि दोन टक्क्यांहून कमी खर्चावर पिढ्यान् पिढ्या काढलेल्या शाखेत ते येणार कुठून? विहिरीला पाणी लागलं, पण दोर आणि बादली कोणी घेतली नव्हती. निधी जाहीर करणाऱ्यांनी पहिल्या वर्षी थोडा पैसा तरुण डॉक्टरांना या शाखेत आणायला वापरला असता तर पाच वर्षांनी अर्जांचा दर्जा वेगळा दिसला असता, असं माझं मत आहे. मागे वळून बोलणं सोपं असतं, हेही मान्य.

छोटी आणि नेमकी मागणी मात्र तगली. फाइव्ह-एएलएसाठी नवं विज्ञान लागत नव्हतं. औषध होतं, सूक्ष्मदर्शक होते, शिकवायचं आणि खरेदी करायचं एवढंच बाकी होतं. जुलै २०१८ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्येही त्याची शिफारस आली. बदलत्या रचनेची चाचणीही सुरू झाली, २०२० च्या अखेरीस, बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या देखरेखीखाली. नाव 'टेसा जोवेल ब्रेन मॅट्रिक्स'. तिला पैसा मात्र त्या चार कोटींतून आला नाही. 'द ब्रेन ट्यूमर चॅरिटी' या देणगीवर चालणाऱ्या संस्थेनं २८ लाख पौंड दिले.

माणसाच्या मापाचं चित्र

भाषणातला एक भाग बातम्यांमध्ये फारसा आला नाही. रुग्णाला दोन गोष्टी हव्या असतात, असं जोवेलबाई म्हणाल्या. एक, जगात कुठेही सापडलेलं उत्तम विज्ञान आपल्यापर्यंत पोचेल याची खात्री. दुसरी, भोवती माणसं असणं, काळजी घेणारी आणि व्यवहारातही उपयोगी पडणारी. डॉक्टर मोठं चित्र पाहतील, माणसाच्या मापाच्या चित्रात मात्र आपण सगळेच असू शकतो.

मिशननं पुढे २०२१ पासून मेंदूच्या गाठींवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांना 'उत्कृष्टता केंद्र' असा दर्जा द्यायला सुरुवात केली. शस्त्रक्रियेच्या कौशल्यासोबत रुग्णांचा अनुभवही त्यात तपासला जातो. हे मला चार कोटींच्या घोषणेपेक्षा मोठं वाटतं. कारण मेंदूच्या कर्करोगात घरावर येणारा भार इतर कर्करोगांसारखा नसतो.

पहिला फरक असा की आजार माणसाच्या 'मी'लाच हात घालतो. वरून सगळं ठीक दिसतं आणि समोरच्याला साधा शब्द सापडत नाही. भाषा गेली म्हणजे बुद्धी गेली असं नव्हे, हे भेटायला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर लोक मोठ्यानं बोलतात, लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात, किंवा रुग्णाला सोडून त्याच्या बायकोशीच बोलतात. एका वेळी एकच माणूस, छोटी वाक्यं, हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न, आणि शब्द सापडेपर्यंत थांबायची तयारी, एवढ्यानं निम्मा ताण उतरतो. त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. हे फार कठीण जातं.

स्वभाव बदलतो तेव्हा जोडीदाराची कोंडी सर्वात मोठी. ओरडणारा माणूस आजारी आहे हे डोक्याला कळतं, मनाला लागतंच. त्यात मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड दिलेलं असेल तर झोप उडते, भूक अचाट वाढते, चिडचिड होते. यातलं किती गाठीचं आणि किती गोळीचं, हे डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, कारण मात्रा बदलून काही वेळा फरक पडतो. मात्र स्टेरॉइड आपल्या मनानं एकदम बंद करायचं नाही.

आकडीची भीती कायम डोक्यावर असते. आकडी आली तर माणसाला कुशीवर वळवायचं, आसपासचं टोकदार सामान हलवायचं, घड्याळ पाहायचं, आणि तोंडात काहीही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका. हे घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांनाही, आधीच शिकवलेलं बरं. गाडी चालवणं बंद होतं. ब्रिटनमध्ये अशा गाठीनंतर पहिला उपचार संपल्यापासून निदान दोन वर्षं परवाना मिळत नाही. स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या माणसाला कर्करोगाच्या नावापेक्षा परवाना गेल्याचं दुःख कधी कधी जास्त होतं, आणि घरच्यांना ते क्षुल्लक वाटतं. ते क्षुल्लक नाही.

निर्णयांचं वेळापत्रकही इथे वेगळं आहे. इतर कर्करोगात माणूस बहुधा शेवटपर्यंत स्वतःचं मत सांगू शकतो. इथे ती खिडकी आधीच बंद होऊ शकते. पुढे उपचार किती घ्यायचे, शेवट घरी हवा की रुग्णालयात, पैशाचे आणि मुलांचे व्यवहार कोणी बघायचे, हे बोलणं पहिल्या दोन-तीन महिन्यांत व्हायला हवं. 'अजून कशाला अभद्र' म्हणत ते टाळलं जातं आणि मग विचारायला समोर माणूस असतो, पण उत्तर नसतं. वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह पथकाची ओळखही याच टप्प्यावर करून घ्यावी. त्यांना बोलावणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे.

आणि आप्तेष्टांसाठी: 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य बोलणाऱ्याचं समाधान करतं. सांगायला कोणालाच सुचत नाही. 'मंगळवारी रेडिएशनला मी घेऊन जाईन' याला उत्तर देता येतं. पहिल्या महिन्यात घरात गर्दी असते, सहाव्या महिन्यात कोणी नसतं. स्कॅन साधारण दोन-तीन महिन्यांनी होतात. त्याच्या आधीचा आठवडा घरात कोणी झोपत नाही, त्या आठवड्यात फोन करावा.

जर्मनीच्या वाऱ्या

मुलाखतीत जोवेलबाईंनी सांगितलं होतं की लंडनमध्ये एनएचएसकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडे, त्यांच्यासाठी आणखी उपचार उरला नाही तेव्हा त्या जर्मनीत प्रायोगिक इम्युनोथेरपी घेऊ लागल्या. ही वाट ज्यांना परवडते त्यांचीच, याची त्यांना जाणीव होती. विज्ञान कुठेही जन्मो, ते सगळ्यांना मिळावं ही त्यांची मागणी त्यातूनच आलेली. अशा प्रायोगिक उपचारांमागे घरदार विकून धावणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की तिथल्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: हे नोंदणी झालेल्या चाचणीत दिलं जातंय का, आणि निकाल कुठे प्रसिद्ध झालेत. उत्तर मिळायला वेळ लागला तर तेही एक उत्तरच.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मार्गारेट मॅकडोना यांना ग्लायोब्लास्टोमाचं निदान झालं. मजूर पक्षाच्या पहिल्या महिला सरचिटणीस, आणि जोवेलबाई बोलल्या त्याच लॉर्ड्सच्या सदस्य. भाषणाला जवळपास चार वर्षं झाली होती. प्रमाण उपचार तोच होता, २००५ चा. त्यांनाही पुढच्या उपचारांसाठी जर्मनीच्या वाऱ्या कराव्या लागल्या. २४ जून २०२३ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांची बहीण शिवॉन मॅकडोना कॉमन्समध्ये खासदार. ती सभागृहात उभी राहून विचारत राहिली की ते चार कोटी पौंड गेले कुठे.